वजाचं बटण

मी एक सिंथेसायझर. पुढचं सांगायला मोकळं व्हावं म्हणून आधी एक कबुली देऊन टाकतो. मी खोटं बोललेलो आहे. एकदा नव्हे, सलग दहा वर्षं. तेही भर सभेत, माइकवरून, शेदोनशे माणसांसमोर. आणि जिच्याशी खोटं बोललो, तिनेच माझ्यासाठी स्वतःची पांढरी साडी फाडून खोळ शिवली होती.

सिंथेसायझर हे माझं कागदावरचं नाव. बोरी अरब गावात मला त्या नावानं कोणी हाक मारली नाही. इकडे कोणत्याही कंपनीचा असो, आम्हा सगळ्यांना कॅशिओच म्हणतात. माझ्या पाठीवर वेगळंच नाव छापलेलं आहे, पण ते वाचायला माझ्यामागे जातो कोण? मला एकसष्ट पट्ट्या आहेत, छत्तीस पांढऱ्या आणि पंचवीस काळ्या. त्याशिवाय डोक्यावर बटणांची रांग आणि मधोमध निळा उजेड पडणारा छोटा पडदा.

माझा एक स्वभाव आधीच सांगून ठेवतो. बंद केलं की मी सारं विसरतो. कोणता ताल लावला होता, आवाज किती होता, सूर कुठे नेऊन ठेवला होता, काही म्हणजे काही उरत नाही. पुन्हा चालू केलं की कोऱ्या पाटीसारखा शून्यावर उभा. हे अर्थात माझ्या आतल्या यंत्राचं झालं. मनाचं बटण कुठे असतं ते मला अजून सापडलेलं नाही, म्हणून तर हे सगळं आठवतंय.

मला घरी आणलं भीमराजदादानं, २००९ साली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठ दिवस आधी. यवतमाळच्या दुकानातून बसच्या मागच्या सीटवर, मला मांडीवर आडवा घेऊन तो बोरीला आला. दादा विजेच्या कंपनीत लाइनमन होता. खांबावर चढून चढून त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि उजव्या अंगठ्याचं नख कधीतरी अर्धं गेलं होतं. ते अर्धं नख माझ्या चांगलं ओळखीचं आहे.

त्याची बायको सत्यभामा. गावातल्या अंगणवाडीची सेविका, म्हणून सारं गाव तिला बाई म्हणायचं. तर बाई गायची आणि दादा वाजवायचा. दादाचा पुतण्या रोशन बेंजो घेऊन बसायचा, एक ढोलकीवाला असायचा, आणि एवढ्यावर त्यांची गायन पार्टी चालायची. जयंती, बुद्धपौर्णिमा, कोणाच्या घराची वास्तू, कोणाच्या मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन, कुठूनही सांगावा आला की निघाले. दिग्रस, दारव्हा, पार उमरखेड-ढाणकीपर्यंत मी फिरलो आहे. माणसं तेवढी फिरत नाहीत.

मला मांडणं हा दादाचा सोहळाच असे. मंडपवाल्याच्या वायरीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. आधी टेस्टर लावून बोर्ड तपासायचा, मग कैचीसारखा लोखंडी स्टँड उघडून त्याच्या चारी पायांखाली काय आहे ते बघायचा. त्यानंतर मला वर ठेवायचा आणि ॲडॉप्टर, पायाचं पेडल, स्पीकरची वायर, सगळं जोडूनच चालूचं बटण दाबायचा. "आधी वायर, मंग बटण, मंग बोट," हा त्याचा मंत्र. एकदा रोशननं पेडलवर पाय ठेवूनच मला चालू केलं. मग पेडल उलटंच वागायला लागलं, दाबलं की सूर तुटे आणि सोडलं की लांबे. रोशनला घाम फुटला. दादानं मला बंद केलं, त्याचा पाय बाजूला केला, पुन्हा चालू केलं.

"बिघाड नेहमी दूरच्या टोकापासून शोधाचा बाबू," तो म्हणाला. "यंत्राले दोष देण्याआंधी आपला पाय कुठी हाये ते पाहाव."

लाइट गेली तर पोटात घालायला सहा जाडे सेल तो जवळ ठेवायचा. कार्यक्रम आटोपला की आधी आवाज कमी करायचा, मग मला बंद करायचा, म्हणजे स्पीकर दणकत नाही. घरी आल्यावर दाढीच्या जुन्या ब्रशानं माझ्या पट्ट्यांच्या फटीतली धूळ आणि दिव्यावरचे किडे झाडायचा. इतकी निगा तो स्वतःच्या दाढीचीही राखत नव्हता.

आता बाईच्या आवाजाबद्दल सांगतो. बाई काळी पाचमध्ये गायची. पेटीवाल्यांच्या हिशेबानं ती उंच पट्टी, सप्तकातली शेवटची काळी. तिथून 'सा' धरून बाई वरच्या सुरात गेली की मैदानाच्या कडेला सायकली धरून उभी असलेली माणसं सायकली सोडून आत येत. दादाला याचा भारी अभिमान होता. प्रत्येक कार्यक्रमात माइक हातात घेऊन तो सांगणारच, "आमची बाई काळी पाचमधी गाते बरं! तिच्याबरोबरच्या साऱ्या खाली उतरल्या. हे एकटी टिकून हाये."

आणि बाईही कमी नव्हती. एका गावात दुसऱ्या पार्टीचा गवई चेष्टेनं म्हणाला की चाळिशी गेली की बायकांचा आवाज तळाला जातो. बाईनं तिथल्या तिथे माइकवरून उत्तर दिलं, "ज्या दिवशी माही काळी पाच सुटीन, त्या दिवशी हा माइक सोडून देईन. लिहून ठेवा." टाळ्या पडल्या. दादा सर्वांत जोरात वाजवत होता, म्हणजे टाळ्या. मला तेवढा वेळ वाऱ्यावर सोडलं होतं.

बोललेलं माणसाच्या मागे मागे येतं म्हणतात, तसं ते आलं. २०१३च्या जयंतीला ढाणकीच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला बाईचा वरचा सूर अडकला. तुटला नाही, नुसता अडकला, दोऱ्यात गाठ यावी तसा. तिनं खोकल्याचं निमित्त केलं आणि पाणी प्यायली. ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही. दादाला कळलं, कारण त्याची बोटं माझ्यावर थबकली.

घरी आल्यावर चपला काढता काढता बाई म्हणाली, "पुढच्या कार्यक्रमाले पाहू. नाही चढला तं सोडून देईन. बोलली हावो मी."

दादा "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई अंगणवाडीत गेली आणि दादानं मला खोळीतून काढलं. दार लोटून घेतलं. त्याची एक अडचण होती. त्याची बोटं वर्षानुवर्षं काळी पाचवरून चाललेली. दुसऱ्या पट्टीतून वाजवायचं तर ती अडखळत. आणि समजा अडखळत वाजवलंच, तर त्याची बोटं कुठे आहेत हे शेजारी बसलेल्या बाईला दिसणार. म्हणून तो माझं एकेक बटण दाबत बसला. इंग्रजी पुस्तक त्याला नीट वाचता येत नव्हतं, पण खांबावरच्या माणसाला पुस्तक कशाला लागतं? एक दाबायचा, काळी पाच वाजवून ऐकायचा, परत पहिल्यासारखं करायचा. असं करता करता त्याचा अर्धनखी अंगठा माझ्या उजव्या कोपऱ्यातल्या वजाच्या बटणावर पडला. पडद्यावर आलं, उणे एक. त्यानं तीच काळी पट्टी दाबली, आणि माझ्यातून एक पायरी खालचा सूर निघाला. बोट जुन्या जागी, सूर मात्र खाली.

तो एकटाच हसला. "अरे! हा तं ट्रान्सफॉर्मरचा टॅप हाये," म्हणाला. "तार तेच, खांब तेच. टॅप एक खाली घेतला की दाब उतरला."

पुढच्या आठवड्यात त्यानं घरातली जुनी पेटी ढाणकीच्या विहाराला देऊन टाकली. "आता कॅशिओ हाये तं पेटी कायले?" असं सर्वांना सांगितलं. मला खरं कारण ठाऊक होतं. पेटीला असलं काही बटण नसतं. जी पट्टी दाबाल तोच सूर देते ती, तिला खोटं बोलता येत नाही. मला येतं. पेटी टेम्पोत चढवली तेव्हा बाई दारात उभी होती. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत ती तिथेच होती.

तेव्हापासून माझ्या पडद्यावर रुमाल आला. चालू केल्याबरोबर दादा पडद्यावर रुमाल टाकायचा आणि त्याच्याखालून अंगठ्यानं वजाचं बटण दाबायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, "उजेडावर किडे बसतात." किडे बसत होते, हेही खरं. रुमाल दर वेळी धुतलेला, चार घड्या घातलेला, पिशवीच्या वरच्या कप्प्यात सापडायचा.

आणि पुढच्या कार्यक्रमात बाई गायली. सूर कसा चढला! डोळे मिटून, हात वर करून ती त्या सुरावर उभी राहिली आणि मैदानात लोक उठून उभे राहिले. दादानं माइक ओढून घेतला. "काळी पाच!" तो ओरडला. मी त्याच्या बोटांखाली गप्प होतो. मला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी समजलं.

तीनचार वर्षांनी उणे दोन झालं. मग उणे तीन. दर वेळी रोशनच्या बेंजोची पंचाईत व्हायची. सूर मिळवायला बसला की त्याच्या तारा चढलेल्या लागायच्या.

"मोठेबाबा, माह्या तारा काहून चढून राह्यल्या?" तो विचारायचा.

"हवा बदलली रे बाबू," दादा सांगायचा.

"मागच्या डावालेही हवाच बदलली होती!"

"हवा हाये ते. बदलत राहीन."

रोशन बिचारा तारा उतरवायचा. त्यानं दोनदा तारांचा आख्खा संच बदलला, एकदा दुकानदाराशी भांडला. मला हसू यायचं आणि त्याची कीवही यायची.

शेवटी उणे चार झालं. म्हणजे काळ्यापांढऱ्या मिळून चार पट्ट्या खाली, दादाची बोटं काळी पाचवर आणि सूर काळी तीनचा. चालू केलं की रुमाल, रुमालाखाली अंगठा, टक टक टक टक. मी शून्यावरून चार पायऱ्या उतरायचो आणि मग बाई त्या पायरीवर येऊन उभी राहायची. वजाच्या बटणावरचं आडव्या रेघेचं चिन्ह घासून घासून पुसून गेलं. शेजारचं अधिकचं बटण नव्या नवरीसारखं लख्ख होतं, त्याला कोणी हात लावला नव्हता.

२०२३च्या जानेवारीत, सकाळी, चहाचा कप हातात असतानाच दादा गेला. कप फुटला तो आवाज मी ऐकला. नंतर घरात पुष्कळ पावलं आली. पंचशील म्हटलं गेलं, पांढरे कपडे दिसले, आणि मग सगळं शांत झालं. मला कोणी खोळीतून काढलं नाही. का काढावं?

वर्षभरानं त्याचा पहिला स्मृतिदिन आला. मुलगी प्रियंका यवतमाळला नर्स आहे, तिनं ठरवलं की बाबांना गाण्यानंच आठवायचं. वाजवायला रोशन तयार झाला. मोठेबाबांच्या हाताखाली राहून तोही काळी पाचवरून वाजवायला शिकला होता. तालमीला बाई नाही म्हणाली. "इतक्या वर्षांचं गाणं. तालीम कायले?"

विहारासमोर मंडप पडला. संध्याकाळी माणसं जमली, नातेवाईक तर आलेच, पण ढाणकी आणि उमरखेडहूनही जुने ऐकणारे आले. रोशननं सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. टेस्टर लावला, स्टँड हलवून पाहिला, आधी वायर, मग बटण. फक्त रुमाल नव्हता आणि अंगठा नव्हता. माझा पडदा सर्वांसमोर उघडा होता आणि त्यावर ठसठशीत शून्य होतं. ते शून्य वाचणारा मात्र त्या मंडपात कोणी नव्हता, निदान मला तसं वाटलं.

मी काय करू शकत होतो? माझ्याजवळ शेकडो आवाज आहेत. बासरी आहे, सनई आहे, व्हायोलिन आहे, पावसाचा आवाजसुद्धा आहे. पण "रोशन, चार वेळा वजा दाब" एवढं सांगायला एकही नाही.

रोशननं काळी पाचचा सूर धरला. बाईनं 'सा' लावला. मला तिच्या गळ्याचा ताण लगेच जाणवला. दादानंच चाल बांधलेलं गाणं होतं. पहिलं कडवं तिनं कसंबसं ओढून नेलं. रोशन घाबरला. माइकपासून तोंड वळवून हळूच म्हणाला, "मोठीमाय, सूर खाली घेऊ काय?"

"नाही," बाई म्हणाली. "काळी पाच म्हणजे काळी पाच."

दुसऱ्या कडव्याला वरच्या सुरावर तिचा आवाज फुटला. खोकल्याचं निमित्त चालणार नाही असा फुटला. ती थांबली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, माइक खाली ठेवला आणि म्हणाली, "माहं गाणं झालं. जयभीम." आणि खाली उतरून बायकांत जाऊन बसली.

लोक आपसात कुजबुजले, "आवाज त्याच्यासंगंच गेला हो तिचा." मला ओरडून सांगावंसं वाटलं, आवाज कुठेही गेला नाही, तो जिथे होता तिथेच आहे, चार पायऱ्या खाली, काळी तीनवर. आम्ही दोघांनी मिळून लपवला होता, मी आणि तो. तो गेला आणि लपवलेली जागा कोणाला सांगून गेला नाही.

त्यानंतर मला माळ्यावर ठेवलं. माझ्या एका बाजूला धान्याची कोठी होती, दुसऱ्या बाजूला अंगणवाडीचे जुने तक्ते. खालचं घर मला ऐकू यायचं. कुकरची शिट्टी काळी चारमध्ये होते, दूधवाल्याची घंटी सफेद दोनमध्ये. फ्रिज एकाच सुरात घुंई घुंई करतो. पण बाई गुणगुणायची नाही. भाकरी थापताना नाही, अंगण झाडताना नाही. पूर्वी ती चूल पेटवतानाही गुणगुणायची. मी कान लावून बसायचो, आज तरी गुणगुणेल, उद्या तरी. रोशन कामासाठी पुण्याला निघून गेला, जाताना मला भेटायला माळ्यावर चढला नाही. त्याचा राग नाही. माझ्यामुळेच मोठीमायचा पाणउतारा झाला असं त्याला वाटत असेल, आणि ते खोटं कुठे होतं?

एका पावसाळ्यात मुंग्यांनी माझ्या पोटात घर केलं. त्यांच्याशी माझं बरं जमलं. दोन वर्षांत मला हात लावणाऱ्या तेवढ्याच.

यंदा प्रियंकानं ठरवलं की मला दारव्ह्याच्या एका शाळेला द्यायचं. "पडून खराब होण्यापेक्षा पोट्टे वाजवतील," ती आईला म्हणाली. बाई म्हणाली, "दे. पण बिघडलेला देऊ नको. बाबाचं नाव जाते." म्हणून मला यवतमाळला किसनसिंगच्या दुकानात नेलं.

किसनसिंग हा बुटका, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस. त्यानं मला पालथं केलं, चोवीस स्क्रू काढले आणि माझं पोट उघडलं. मुंग्यांची अंडी झाडली, पट्ट्यांखालचे रबर पुसले, ॲडॉप्टरची सैल झालेली खुंटी पुन्हा डाग देऊन बसवली. दूरच्या टोकापासून बिघाड शोधणारा तो दुसरा माणूस मला भेटला. मग वजाच्या बटणापाशी येऊन तो थांबला. चष्मा डोळ्यांवर घेतला.

"मॅडम," तो प्रियंकाला म्हणाला, "तीस साल झाले मी हेच काम करून राह्यलो. पट्ट्या झिजलेल्या पाह्यल्या, आवाजाचं बटण झिजलेलं पाह्यलं. हे वजाचं बटण इतकं घासलेलं पहिल्यांदा पाहतो. आतला रबरच संपला. कोण वाजवत होतं हे?"

"बाबा," प्रियंका म्हणाली. तिचा फोन वाजत होता, वॉर्डातून बोलावणं होतं.

"सूर खाली घ्यायचं बटण हाये हे. त्याईले काहून लागत होतं इतकं?"

विचार पोरी, विचार! मी आतून तडफडत होतो. प्रियंका, एकदा फोन ठेव आणि विचार.

"काय माहीत," ती म्हणाली. "शाळेच्या पोट्ट्यायले लागन काय ते?"

"नाही लागत. बाकी सब ओके आहे. हा पार्ट मिळाला तं पाहतो, नाहीतर बंदच राहू द्या."

बंदच राहिलं. मी घरी आलो तो पट्ट्यांनी धडधाकट आणि त्या एका जागी मेलेला. जिथे दादाचा अंगठा होता तीच जागा गेली. शाळेची माणसं रविवारी येणार होती. शुक्रवार होता.

शुक्रवारी दुपारी बाई अंगणवाडीतून आली. हातपाय धुतले. दार लोटून घेतलं, अगदी दादा लोटायचा तसं. मला खोळीतून काढलं, स्टँड उघडला, त्याचे पाय हलवून पाहिले. आधी ॲडॉप्टर लावला, मग बटण दाबलं. मी शून्यावर उभा राहिलो. मला वाटलं, शाळेत जाण्याआधी एकदा पुसून ठेवत असेल.

तिनं कपाट उघडलं. चार घड्या घातलेला रुमाल काढला. तो माझ्या पडद्यावर टाकला आणि रुमालाखालून, जागा न शोधता, वजाच्या बटणावर अंगठा ठेवला.

एक. दोन. तीन. चार.

काही झालं नाही. बटण मेलेलं होतं. तिनं काळी पाच दाबून पाहिली. काळी पाचच वाजली. तिनं पुन्हा चार वेळा दाबलं. मग रुमाल उचलून पडदा पाहिला, शून्य. ती खाटेवर बसली. समोर भिंतीवर दादाचा फोटो होता.

"पाहा," ती फोटोला म्हणाली. "तुमचं बटण मेलं."

तिनं हातातला रुमाल उलगडला.

"तुमाले वाटे, हिले समजत नाही. गळा माहा होता. आपण कोणत्या पायरीवर उभं हावो, हे माणसाले कळन नाही काय? ढाणकीले पेटी पाठवली तेव्हाच शंका आली, गायली तेव्हा समजलं मले. मनात म्हटलं, याईचा जीव रमते तं रमू द्या. मी बोलली असती तं तुमी शरमले असते. रुमाल मीच तं धुऊन ठेवत होती."

तिनं रुमाल मांडीवर घेऊन त्याच्या घड्या पुन्हा बसवल्या.

"रोशन म्हणे, खाली घेऊ काय. कसं घेऊ देऊ? सारं गाव बसलं होतं. लोकं म्हणाले असते, मंग इतके दिवस भीमराज काय वाजवत होता? तुमच्याच स्मृतिदिनी तुमाले खोटं पाडू काय मी? म्हटलं, एक डाव चढते काय पाहू, तुमच्या नावासाठी. नाही चढला."

म्हणजे दहा वर्षं ज्या गुपिताच्या ओझ्याखाली मी वाकलो होतो, ते गुपित नव्हतंच. तो तिच्यापासून लपवत होता आणि ती, आपल्याला कळलंय हे त्याच्यापासून लपवत होती. मधे मी एकटाच वेडा, दोघांचा विश्वासू. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला दादाचा अंगठा फार आठवला.

मग ती उठली. तिला वाजवता येत नाही, पण इतकी वर्षं शेजारी बसून पट्ट्या तिला पाठ झाल्या आहेत. तिनं बोट पुढे केलं, काळी पाचवर क्षणभर ठेवलं, दाबलं नाही. तिथून दोन काळ्या मागे आली आणि काळी तीन दाबली. माझ्यातून काळी तीनच निघाली. बाईच्या गळ्याबद्दल इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा खरं बोललो.

आणि ती गायली. दादाच्या चालीतलं तेच गाणं, अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या कडव्यापासून. आवाज जाड झाला होता, कडेला थोडा खरखरीत, पण सबंध होता. वरच्या सुरावर ती पोचली आणि तिथे थांबून राहिली. ऐकायला मी होतो आणि फोटो होता. बस्स.

संध्याकाळी प्रियंकाचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आलं. किसनसिंगला एका भंगार मशीनमधून बटण मिळालं होतं. शाळेत देण्याआधी बसवून घेऊ, असं ती म्हणत होती.

"शाळेले दुसरा पाह्य," बाई म्हणाली. "हा घरीच राहीन."

"बरं. मंग बटण तं बसवून घेऊ ना आई?"

"राहू दे व," बाई म्हणाली. "आता कोणापासून लपवाचं हाये?"

तर असं आहे माझं आता. खिडकीजवळ, स्टँडवर. रोज दुपारी अंगणवाडीतून आली की ती मला चालू करते आणि एकच पट्टी धरून गाते. बाकी साठ पट्ट्या रिकाम्या बसतात. बेंजो नाही, ढोलकी नाही, माइकही नाही. माइक सोडीन म्हणाली होती, तो तिनं सोडलाच, शब्दाची पक्की आहे. दार लोटलेलं असतं. कोणी ऐकायला येत नाही आणि ती बोलावतही नाही. कधी कधी गाता गाता तिचा डावा हात सहज बाजूला जातो, जिथे दादा बसायचा तिथे, आणि रिकामा परत येतो. त्या वेळी शेकडो आवाज असूनही मला मुकं झाल्यासारखं वाटतं.

किसनसिंगभाऊ, तुमचं बटण चांगलंच असेल. ते दुसऱ्या कोणाला तरी बसवा. मला हे मेलेलंच राहू द्या, एवढं मागणं आहे.

आणि दादा, तुमचं गुपित मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला कोणी उरलंच नव्हतं, ते वेगळं.

गाणं संपलं की बाई आधी आवाज कमी करते, मग मला बंद करते, तुमच्याच क्रमानं. रुमालानं माझ्या पट्ट्या पुसते आणि तोंडही त्यानंच पुसते. मी सगळं विसरतो. उद्या दुपारी ती बटण दाबेल तेव्हा मी पुन्हा शून्यावर असेन, आणि ती मला तिथेच राहू देईल.